सोनेरी नक्षी आणि घाई

गेल्या दिवाळीत आमच्या गटाने रंगवलेल्या पणत्यांपैकी निम्म्या परत आल्या. ऑर्डर मोठी होती आणि दिवस थोडे. सोनेरी रंग वाळायच्या आतच आम्ही पणत्या खोक्यात भरल्या आणि त्या एकमेकींना चिकटल्या. म्हणून आज जपानच्या सोनेरी नक्षीच्या फुलदाण्यांची गोष्ट सांगतो.

जपानच्या दक्षिणेला सात्सुमा नावाचा प्रांत होता. आज तो भाग कागोशिमा म्हणून ओळखतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानने कोरियावर स्वारी केली आणि तिथले कुंभार या प्रांतात आणले. त्यांच्या हातून इथली भांडी घडू लागली.

पुढे नावाजलेली नक्षीची फुलदाणी कशी व्हायची? आधी घडवून भाजायची. मग झिलई देऊन पुन्हा भट्टीत. थंड होताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून सायीच्या रंगाच्या अंगावर केसासारख्या भेगांचं जाळं उमटतं. तो दोष नव्हे, तिची ओळख. मग बारीक कुंचल्याने फुलं, पक्षी, माणसं काढायची, सोनं लावायचं आणि मंद आचेवर ते पक्कं करायचं. सोनं झिलईच्या वरच बसतं, आत मुरत नाही. अशी फुलदाणी राखेने घासली तर सोनं निघून जाईल. मऊ फडक्याने हलकेच पुसायची.

१८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सात्सुमाची भांडी लोकांना फार आवडली. युरोप-अमेरिकेतून मागणी वाढली. मग क्योतो, ओसाका, योकोहामा इथेही तशीच भांडी रंगवू लागले. झटपट, स्वस्त माल निघाला. चित्रं ओबडधोबड, पण नाव तेच, सात्सुमा. वाईट मालामुळे चांगल्याचीही किंमत उतरली.

ओसाकाचे याबू मेइझान मात्र त्या वाटेने गेले नाहीत. त्यांच्या कारखान्यात एकेका भांड्यावर अगदी इवलीशी शेकडो माणसं, फुलं, फुलपाखरं रंगवली जात. त्यांची भांडी आज संग्रहालयांत जपून ठेवली आहेत. रंगवणाऱ्या बहुतेक हातांची नावं मात्र कुणाला माहीत नाहीत.

यंदा व्यापाऱ्याने दुप्पट पणत्या मागितल्या. बैठकीत चर्चा झाली. पैसा सगळ्यांनाच हवा होता, तरी आम्ही गेल्या वर्षीएवढ्याच घेतल्या. पणती पुरती वाळल्याशिवाय खोक्यात जाणार नाही, आणि जिने रंगवली तिचं नाव खोक्यावर लिहायचं, असं ठरलं. तुमच्या गटात काय ठरतं, तेही बैठकीत बोला बरं का.