मातीचे अत्तर

चेन्नईतील नुंगंबाक्कम येथे हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीने येथे वेधशाळा उभारली. तिचा ग्रॅनाइटचा स्तंभ अद्याप आवारात उभा आहे. शहरात पाऊस किती झाला, हे सांगताना येथील पर्जन्यमापकाचा आकडा प्रमाण मानतात. महाराष्ट्रातून बदलून आलेला मनुष्य मात्र पहिल्या वर्षी फसतो. मृग लागताच तो आभाळाकडे पाहू लागतो. पण येथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. जूनमध्ये त्याला उणीव भासते ती पाण्याची नव्हे, तर तापल्या भुईवर पहिली सर पडताच उठणाऱ्या वासाची. पर्जन्यमापकाला पाणी मोजता येते. वास साठविता येत नाही.

तो साठविण्याची विद्या उत्तर प्रदेशातील कनौजच्या अत्तरकारांनी साध्य केली. त्यांच्या या अत्तराचे नाव साधेच आहे : मिट्टी. उन्हाने सुकलेली माती घेऊन तिच्या चकत्या करतात व त्या भट्टीत भाजतात. मग त्या तांब्याच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे 'देग'मध्ये, पाण्याबरोबर घालून झाकण मातीने लिंपतात. खाली मंद जाळ असतो. वाफ बांबूच्या नळीतून 'भपका' नावाच्या दुसऱ्या भांड्यात उतरते. हे भांडे थंड पाण्यात ठेवलेले असून त्यात चंदनाचे तेल असते. वाफेचे पाणी होते, आणि तिचा गंध तेल धरून ठेवते. पाणी काढून टाकावयाचे, नव्या चकत्या घालावयाच्या, असे दिवसामागून दिवस चालते. आच किती हवी, हे कारागिराचा हात सांगतो.

शास्त्राची नजर या गंधाकडे पुढे वळली. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड टॉमस या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी त्याला 'पेट्रिकोर' हे नाव दिले. कोरड्या दिवसांत दगडमातीत मुरलेली तेलद्रव्ये ओलाव्याने मोकळी होतात, असे त्यांनी दाखविले. आणि कनौजकडे हा गंध आधीच तेलात पकडला जात असल्याचेही नमूद केले. ओल्या मातीच्या वासातील दुसरा घटक म्हणजे जमिनीतील सूक्ष्म जीव निर्माण करतात ते 'जिऑस्मिन'. त्याचे नामकरण १९६५ मधले. आपल्या मराठीत मात्र 'मृद्गंध' हा एकच सुटसुटीत शब्द या साऱ्याला पुरतो.

या अत्तराचा स्वभाव फुलांच्या अत्तरांहून निराळा. मोगरा समोर येऊन बोलतो. मिट्टी मागे उभी राहते. तिचा वास थंड, किंचित कोरडा. म्हणूनच ती उन्हाळ्यात लावतात. चंदन तिला आधार देते, परंतु तिच्यावर कुरघोडी करीत नाही.

नेमका हाच आधार आता डळमळला आहे. चंदन दुर्मीळ आणि महाग झाल्याने पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी द्रव पॅराफिन वापरतात. माती तीच, भट्टी तीच. पण चंदनाबरोबर गंधाला येणारी खोली पॅराफिनला देता येत नाही. मातीला तोटा नाही. परंतु तिचा वास जपावयाचा, तर चंदनाची झाडेही राखली पाहिजेत. नाहीतर कुपीवरचे नाव तेवढे राहील, आणि आत पहिला पाऊस नसेल.