आंदोलनाची बातमी वाचायची कशी?

अंबाजोगाईच्या कॉलेजातून पदवी घेणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या प्रमाणपत्रावर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव असते. या नावासाठी समाजाला सोळा वर्षे लढावे लागले. आंदोलनाची बातमी कशी वाचावी, हे समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण नाही.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा खून झाला. त्या काळी या भागात वजन असलेल्या ‘मराठवाडा’ दैनिकाची भूमिका मात्र नामांतराच्या विरोधात होती. ज्यांची घरे जळाली, त्यांच्याकडे वर्तमानपत्र नव्हते. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

खैरलांजीतही हेच दिसले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या माध्यमांनी कित्येक आठवडे तिची नीट दखल घेतली नाही. कार्यकर्त्यांनी गावात जाऊन केलेल्या सत्यशोधनामुळे ती लोकांपुढे आली. पुढे कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. ती बातमी मात्र लगेच देशभर गेली. समाजाचा राग दिसला, रागाचे कारण मागे पडले.

आज विद्यार्थ्यांच्या हातात मोबाईल आहे. त्यांच्याशी बोलताना आम्हाला दोन टोके दिसतात. एक, ‘मीडिया विकला गेलाय’ म्हणून पेपरच न वाचणे. दुसरे, ग्रुपवर आलेला व्हिडिओ खरा मानून पुढे पाठवणे. दोन्हींत तपासणे राहून जाते. जुना व्हिडिओ नव्या घटनेच्या नावाने फिरतो, गावात तणाव वाढतो. त्यातून गुन्हा दाखल झाला, तर भरतीच्या वेळी पोलीस पडताळणीत तो आडवा येतो. किंमत आपल्याच पोरांना मोजावी लागते.

बाबासाहेबांनी वर्तमानपत्रांवर कठोर टीका केली, पण ती वाचणे सोडले नाही. विरोधकांनी काय छापले ते वाचून त्यांनी ‘बहिष्कृत भारत’मधून उत्तरे दिली. त्याआधी ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केला होता.

म्हणून प्रत्येक बातमीला चार प्रश्न विचारू या. बातमी दगडफेकीपासून सुरू होते की त्याआधीच्या घटनेपासून? वस्तीतल्या माणसाचे म्हणणे त्यात आहे का? एकतर्फी हल्ल्याला ‘दोन गटांत हाणामारी’ म्हटले आहे का? व्हिडिओची तारीख आणि ठिकाण कोणते? एकाच घटनेच्या दोन-तीन पेपरांतील बातम्या शेजारी ठेवून वाचा, कात्रणे तारखेसह जपा. निवेदन देताना, खटला चालताना आणि उद्या इतिहास लिहिताना तीच कामाला येतात.

जय भीम!