पालीचे पाऊल अंतराळात

संध्याकाळी दिवा लागला, की आमच्या घोडपदेवच्या चाळीत भिंतीवर पाल हजर होते. मुले ओरडतात, आजी 'शुक् शुक्' करते आणि पाल मात्र छताला उलटी चालत निवांत निघून जाते. विद्यार्थी मित्रांनो, ती पडत का नाही, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय? त्याच्या उत्तरातूनच शास्त्रज्ञांना अंतराळातील कचरा पकडण्याची एक युक्ती सापडली आहे.

हा कचरा आपल्यापासून फार दूर नाही बरे! २ एप्रिल २०२२ च्या रात्री महाराष्ट्राच्या आकाशातून जळते गोळे जाताना अनेकांनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात तर धातूचे एक मोठे कडेच येऊन पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. परंतु खरा धोका वर आहे. १० फेब्रुवारी २००९ रोजी एक निकामी रशियन उपग्रह व एक चालू अमेरिकन उपग्रह सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले आणि त्यांचे हजारो तुकडे झाले. असा तुकडा सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावतो. घोडपदेवहून निघाला, तर एका सेकंदात दादर मागे टाकील! तो दुसऱ्या उपग्रहावर आदळला, की आणखी तुकडे होणार. म्हणून निकामी उपग्रह फुटण्यापूर्वीच पकडून खाली आणले पाहिजेत.

पण पकडायचे कसे? काचेला चिकटणारी रबरी वाटी हवेच्या दाबामुळे चिकटते. तेथे तर हवाच नाही. लोहचुंबक घ्यावे, तर उपग्रहात ॲल्युमिनिअमच फार. कडक उन्हात व कडाक्याच्या थंडीत साधा डिंक टिकत नाही. हाताने दाबून धरावे, तर न्यूटनचा तिसरा नियम आडवा येतो: धक्का लागताच उपग्रह दूर सरकतो!

आता पालीकडे वळू. टोके जातीच्या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर सुमारे पाच लाख सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाला शेकडो फाटे फुटतात. ही टोके पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात, की दोन्हींच्या रेणूंमध्ये व्हान डर वाल्स आकर्षण निर्माण होते. एका टोकाचे बळ नगण्य. पण थेंबे थेंबे तळे साचे! पाऊल किंचित ओढले की चिकटते, कोन बदलला की सुटते.

एक प्रयोग करा. चिकटपट्टीचा तुकडा टेबलावर लावा आणि टेबलाला समांतर ओढा. तो सहज निघत नाही. आता एक टोक धरून वर उचला. चटकन सुटतो! दिशेचे महत्त्व लक्षात आले ना?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जेट प्रपल्शन लॅबोरेटरी येथील संशोधकांनी सिलिकोन रबरावर अशीच सूक्ष्म पाचरे तयार केली. अशा पट्ट्या जोडीजोडीने समोरासमोर बसवतात. त्या वस्तूला हलकेच टेकवून एकमेकींकडे ओढल्या की घट्ट धरतात, ओढ सैल केली की सोडतात. दाबावे लागत नाही, म्हणून वस्तू दूर पळत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात भारहीन अवस्थेतील विमानातही चाचण्या झाल्या होत्या. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या आतही असा पंजा वापरून पाहण्यात आला. स्थानकाबाहेर गरगर फिरणारा उपग्रह पकडणे मात्र कितीतरी अवघड आहे.

आपला देशही स्वस्थ बसलेला नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी उडालेल्या पीएसएलव्ही-सी६० अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यावर 'इस्रो'ने कचरा पकडणारा यांत्रिक हात पाठविला होता. तो पालीच्या पावलाचा नव्हता, पण काम तेच.

तेव्हा आज रात्री भिंतीवर पाल दिसली, तर झाडू उचलण्यापूर्वी क्षणभर तिच्या पावलांकडे पाहा. खिडकीच्या काचेवर असेल, तर दुसऱ्या बाजूने अधिकच छान दिसतील!