कोर्टात गुन्हा कबूल केल्यानंतरचे अपील : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आरोपीने न्यायाधीशांसमोर गुन्हा कबूल केला, तर साक्षीपुरावा न घेताही त्याला दोषी ठरवता येते. दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात दारू बाळगल्याचे खटले नेहमीचे आहेत. अशा किरकोळ खटल्यांत कोर्टाच्या चकरा वाचाव्यात म्हणूनही कबुली दिली जाते. तिच्या कायदेशीर परिणामांविषयी मात्र अनेक गैरसमज आहेत.

गैरसमज : पोलिसांपुढचा जबाब म्हणजेच कबुली.
वस्तुस्थिती : पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीजबाबावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. कोर्टाने आरोप समजावून सांगितल्यावर आरोपी जे म्हणतो, ती खरी कबुली. समन्स खटल्यात ती शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावी लागते.

गैरसमज : कबुली दिली की खटला संपलाच.
वस्तुस्थिती : सत्र खटल्यात आणि वॉरंट खटल्यात कबुलीवरून दोषी ठरवायचे की नाही, हे न्यायाधीश ठरवतात. मुंबई हल्ल्याच्या खटल्यात कसाबने जुलै २००९ मध्ये कबुली दिली, तरी विशेष न्यायालयाने खटला पुढे चालवला. डिसेंबरमध्ये कसाबने ती कबुली नाकारली.

गैरसमज : कबुलीनंतर अपीलच नाही.
वस्तुस्थिती : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ नुसार (जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३७५) दोषी ठरवण्याविरुद्ध अपील नाही, शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, यावर ते करता येते. न्यायदंडाधिकाऱ्याच्या निकालावर ३० दिवसांत वर्ध्याच्या सत्र न्यायालयात जावे लागते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने केवळ १०० रुपयांपर्यंत दंड केला असेल, तर मात्र हेही अपील नाही.

गैरसमज : मग दोषाचा ठपका कायमचाच.
वस्तुस्थिती : कबुलीच सदोष असेल, तर ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज करता येतो. तो सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात, दोहोंपैकी एकाच ठिकाणी करायचा असतो. आरोप समजावला नव्हता, कमी शिक्षेचे आमिष दाखवले गेले, किंवा कबूल केलेल्या गोष्टींतून गुन्हाच सिद्ध होत नाही, असे मुद्दे त्यात मांडता येतात. नुसते मन बदलले, हे कारण पुरत नाही. अर्ज मंजूर झाला, तरी आरोपी लगेच निर्दोष ठरेल असे नाही. खटला नव्याने चालू शकतो.

गैरसमज : वरच्या कोर्टात गेल्यास शिक्षा वाढतेच.
वस्तुस्थिती : आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. आश्वासन देऊन कबुली घ्यायची आणि नंतर वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवायची, हे घटनेच्या कलम २१ चे उल्लंघन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका प्रकरणात म्हटले.

गैरसमज : प्ली बार्गेनिंग म्हणजे हीच कबुली.
वस्तुस्थिती : २००६ पासूनची ही तडजोडीची पद्धत वेगळी आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांनाच, तेही काही अपवाद वगळून, ती लागू होते. तिच्या निकालावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट आणि सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, एवढेच मार्ग उरतात.

महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांना या कामांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.