प्लास्टिकची खिडकी पेट घेते का?

घरात यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवायचं ठरलं की कुणीतरी हरकत घेतंच, 'प्लास्टिक ते, भडाभडा पेटेल!' पिशव्या जळताना पाहिल्या असतील तर तसं वाटणारच. पण पिशवी बहुधा पॉलिथिनची असते, चौकट कडक पीव्हीसीची, म्हणजेच यूपीव्हीसीची. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं आणि तेच ज्वाळेला आवर घालतं. कडक पीव्हीसी जळत राहायला साधारण ४५ टक्के ऑक्सिजन लागतो. हवेत तो २१ टक्केच. म्हणून बाहेरची ज्वाळा हटली की चौकट आपोआप विझते. लाकूड तिच्यापेक्षा लवकर पेटतं.

यावरून काही विक्रेते तिला 'फायरप्रूफ' म्हणतात. हे तर अधिक घातक. ही चौकट ७५-८० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते. पेट न घेताही ती वाकते आणि आगीला वाट मिळते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी आग लागली, ७२ माणसं गेली. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातली आग बाहेर कशी पोचली? तिथल्या खिडकीची यूपीव्हीसीची बाजूपट्टी गरम धुराने वाकली आणि तिथून आग भिंतीवरच्या आच्छादनामागे शिरली असावी, असं चौकशीत दिसलं. पुढे ती भडकली मुख्यतः त्या आच्छादनातल्या पॉलिथिनमुळे. तेव्हा खिडकी घेताना चौकट आणि भिंत यांच्यातली फट कशाने भरणार, हे कंत्राटदाराला जरूर विचारा. साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम जळतो.

धुराची भीती खरी आहे. पीव्हीसी जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड डोळ्यांना, घशाला झोंबतो. मात्र घरातल्या आगीत बळी घेतो तो मुख्यतः वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड, आणि सोफ्याच्या, गादीच्या फोममधून येणारा सायनाइड वायू. चौकट जळू लागेपर्यंत त्या खोलीत श्वास घेणं बहुधा अशक्य झालेलं असतं.

आणि चौकटीवर एवढी चर्चा करणारे आपण तिच्याबाहेर पक्कं लोखंडी ग्रिल ठोकतो! खिडकी कशाचीही असो, ग्रिलचा एक भाग आतून, किल्लीशिवाय उघडता आलाच पाहिजे. तो कसा उघडायचा हे घरातल्या आजी-आजोबांना आणि मुलांनाही करून दाखवा.