गावाची जैवविविधता नोंदवही आणि ग्रामसभेचे कर्तव्य

शेतीच्या सुबत्तेचा विचार करताना आपण जमीन, पाणी, बी आणि खत यांचा हिशेब मांडतो. परंतु घरोघर राखलेले जुने वाण, बांधावरची झाडे, रानातील औषधी वनस्पती, किडी खाणारे पक्षी, फुलांवर येणाऱ्या मधमाश्या आणि या सर्वांविषयी जाणत्या माणसांना असलेली माहिती यांचा हिशेब सहसा कोठे लिहिलेला नसतो. या साऱ्या सजीव संपत्तीस जैवविविधता असे म्हणतात. तिची गावपातळीवरील लेखी नोंद म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही होय. ही नोंदवही ग्रामसभेने का व कशी तपासावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याने दिलेला अधिकार

1992 साली रिओ येथे जैवविविधतेविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला व 1994 साली भारताने त्यास मान्यता दिली. त्यास अनुसरून 2002 साली संसदेने जैविक विविधता अधिनियम केला. या अधिनियमाची अंमलबजावणी तीन पायऱ्यांवर होते. देशासाठी चेन्नई येथे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण आहे, राज्यासाठी नागपूर येथे महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ आहे आणि गावासाठी ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे. 2023 साली अधिनियमात दुरुस्ती झाली व ती 1 एप्रिल 2024 पासून अमलात आली. समिती व नोंदवही त्यानंतरही कायम आहेत.

समितीच्या क्षेत्रातील जैविक साधनांच्या वापराविषयी निर्णय घेताना प्राधिकरणाने व मंडळाने समितीशी विचारविनिमय करावा, असे अधिनियमाच्या कलम 41 मध्ये सांगितले आहे. व्यापारी हेतूने ही साधने गोळा करणाऱ्यांवर शुल्क आकारण्याची मुभाही समितीस आहे. समजा, एखादा व्यापारी डोंगरपट्ट्यातील गावात हिरडा गोळा करण्यासाठी आला. त्या रानात हिरडा किती आहे, तो कोण वेचतो व किती वेचला असता झाडास बाधा येत नाही, हे नोंदवहीत लिहिलेले नसेल, तर समितीने कशाच्या आधारे बोलावे? रिकामी किंवा चुकीची नोंदवही गावाचा अधिकारही रिकामा करते.

घाईने केलेल्या नोंदी

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे 2016 साली एक प्रकरण दाखल झाले. त्यात न्यायाधिकरणाने 2019 साली आदेश दिला की, सर्व राज्यांनी 31 जानेवारी 2020 पर्यंत समित्या स्थापन करून नोंदवह्या पूर्ण कराव्यात. विलंब करणाऱ्या राज्यास दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील, असेही त्यात नमूद होते. या आदेशामुळे रखडलेल्या कामास चालना मिळाली. मात्र अशा मुदतीच्या रेट्यात कागद पुरा करण्याकडे लक्ष जाते आणि गावास विचारावयाचे राहून जाते. ज्या गावांची नोंदवही त्या काळात तयार झाली, त्यांनी ती एकदा मुद्दाम उघडून पाहावी.

गावास विचारल्याने काय साधते

स्थानिकांचा विचार न घेता आखलेले धोरण किती अडचणीचे ठरते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 1979 साली सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी सुमारे 8,500 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात खाजगी शेते व गावेच्या गावे आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आल्याने लोकांत नाराजी पसरली. पुढे हे क्षेत्र पुष्कळच कमी करावे लागले. इकडे माळराने नांगराखाली येत गेली आणि पक्षीही दुर्मिळ होत गेला. म्हणजे शेतकऱ्यास त्रास झाला व माळढोकही वाचला नाही.

जैविक विविधता अधिनियमाने याहून निराळी वाट ठेवली आहे. स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य शासन एखाद्या स्थळास जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करू शकते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे हिरण्यकेशीच्या उगमाजवळील पाण्यात एक लहानसा मासा आढळला. तो शास्त्रास नवा होता व त्यास त्या नदीचेच नाव देण्यात आले. 2021 साली ते स्थळ वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. वारसा स्थळामुळे लोकांच्या रूढ वापरावर, त्यांनी स्वखुशीने ठरविल्याखेरीज, निर्बंध यावेत अशी अपेक्षा नाही.

तपासणी कशी करावी

महाराष्ट्रात ग्रामसभेच्या वर्षातून किमान चार सभा भरतात. त्यांपैकी एक सभा नोंदवहीच्या वाचनासाठी राखून ठेवावी. त्याआधी महिलांच्या सभेत व वाडीवस्तीवर तिचे वाचन करावे. बियाणे राखणे व रानभाज्या ओळखणे ही कामे बहुतांशी स्त्रियांकडे असल्याने त्यांनी न तपासलेली नोंद अपुरी समजावी. तपासताना पुढील बाबींकडे लक्ष पुरवावे.

1. ऋतू. कर्टोली, टाकळा, भारंगी यांसारख्या भाज्या पावसाळ्यात दिसतात, तर पुष्कळ पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात. उन्हाळ्यातील एकाच फेरीत केलेली नोंद पूर्ण असू शकत नाही. पाहणी कोणत्या महिन्यांत झाली, हे प्रथम विचारावे.

2. नावे. एकाच नावाने निरनिराळ्या वनस्पती ओळखल्या जातात. शंखपुष्पी हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. म्हणून गावातील नावाबरोबर शास्त्रीय नाव व छायाचित्र आहे किंवा नाही, हे पाहावे. शंका असल्यास कृषी महाविद्यालयातील जाणकारांचे साहाय्य घ्यावे.

3. वाण. नुसते ‘भात’ किंवा ‘ज्वारी’ असे लिहिणे निरुपयोगी आहे. आजऱ्याचा घनसाळ, अकोले तालुक्यातील काळभात व रायभोग, अशी वाणांची नावे हवीत. वाण किती दिवसांत तयार होतो, कोणत्या जमिनीस मानवतो व किती घरांत पेरला जातो, हेही लिहावे. एखादा वाण दोनच घरी उरला असेल, तर त्याचे बी इतरत्र देण्याची व्यवस्था त्याच सभेत करावी. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणांची बँक उभारली व 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. निश्चय केल्यास हे काम गावातच होऊ शकते, हे त्यावरून कळून येईल.

4. पशुधन व चराई. डांगी, देवणी, खिल्लार, लाल कंधारी यांपैकी गावात कोणती जनावरे आहेत, याची नोंद असावी. वर्षातून काही काळ येणाऱ्या मेंढपाळांनाही विचारावे. त्यांना माळाची जी माहिती असते, ती गावात राहणाऱ्यास नसते.

5. उपकारक व उपद्रवी प्राणी. धामण व गव्हाणी घुबड उंदरांचा फडशा पाडतात, तर रानडुक्कर व रोही उभ्या पिकाची नासाडी करतात. दोन्ही गोष्टी सारख्याच प्रामाणिकपणे लिहाव्यात. नुकसान कोणत्या शिवारात, कोणत्या महिन्यात व किती होते, हे लिहिल्यास भरपाईची मागणी व कुंपणाची योजना या दोहोंस आधार मिळतो.

6. पारंपरिक ज्ञान. 1995 साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट देण्यात आले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे सादर केल्यावर 1997 साली ते रद्द ठरले. लेखी नोंदीचे महत्त्व यावरून दिसते. तथापि, वैदूच्या खास माहितीची नोंद त्याच्या संमतीनेच करावी व ती उघड करावी किंवा नाही, हेही त्यालाच विचारावे.

दोष आढळल्यास

तपासणीत आढळलेल्या चुका इतिवृत्तात क्रमवार लिहाव्यात. दुरुस्ती कोणी करावयाची व कोणत्या सभेपुढे ठेवावयाची, हे ठरावातच नमूद करावे. दुरुस्ती होईपर्यंत संमतीची सही करण्याची घाई करू नये. नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीत सर्वांस पाहता येईल अशी ठेवावी, परंतु राखीव ठेवावयाची माहिती त्यातून वगळावी. रान, पीक व पाऊसमान बदलत असल्याने दरवर्षी एकदा नवी भर घालावी.

गावातील जाणती पिढी आज वृद्ध होत आहे. तिच्यापाशी असलेली माहिती लिहून घेण्यास फार अवकाश उरलेला नाही. तरी शेतकरी बंधुभगिनींनी येत्या ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय अवश्य घालावा, नोंदवही मागून घ्यावी आणि सभेस येताना घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर आणावे.