कवट्या किती, जाती किती?

मागच्या वेळी आपण ‘वर्गीकरण म्हणजे काय’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज एक उदाहरण घेऊ. अंबरनाथ-बदलापूरकरांनी ते उल्हास नदीच्या काठी शोधायला जाऊ नये, सापडायचं नाही! आपलं शिवमंदिर ज्या काळ्या दगडाचं आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपला आजचा प्राणी त्याच्याही कितीतरी आधीचा, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा.

त्याचं नाव लिस्ट्रोसॉरस. शाकाहारी, खाली वाकलेलं तोंड, कासवासारखी चोच आणि दोन सुळे. जुन्या पुस्तकांत अशा प्राण्यांना ‘सस्तनसदृश सरीसृप’ म्हणत. आपण सस्तन प्राणी ज्या मोठ्या कुळातले, त्याचीच ही एक नष्ट झालेली शाखा. पश्चिम बंगालमध्ये राणीगंजच्या कोळसापट्ट्यात, पंचेत नावाच्या खडकांत याच्या कवट्या मिळतात.

१९६३ साली त्रिपाठी आणि सत्संगी यांनी या कवट्यांचं वर्णन केलं. त्यात एक नवी जाती होती, लिस्ट्रोसॉरस राजुरकरी. नाव कसं घरचं वाटतं बघा! पुढे २००५ मध्ये संघमित्रा रे यांनी भारतातल्या कवट्या नव्याने तपासल्या, मोजल्या, आणि म्हणाल्या की इथे जाती एकच, लिस्ट्रोसॉरस मरेयी. म्हणजे राजुरकरी हे नाव गेलं. असं का व्हावं?

समजा, एक कवटी १० सेंटीमीटर लांब आहे, तिचं तोंड ४ सेंटीमीटर. दुसरी २० लांब, तोंड १०. पहिलीत प्रमाण ४० टक्के, दुसरीत ५०. मग जाती दोन? थांबा. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण पाव असतं, मोठ्या माणसाचं सातवा-आठवा हिस्सा. म्हणून बाळाला आपण वेगळी जाती म्हणतो का? वाढताना सगळे अवयव सारख्या वेगाने वाढत नाहीत.

म्हणून दोनच कवट्या समोरासमोर ठेवून भागत नाही. लहान, मधल्या, मोठ्या अशा सगळ्या कवट्यांची मापं आलेखावर मांडायची. ठिपके एकाच रेषेच्या आसपास पडले, तर ती एकाच प्राण्याची लहानपणापासूनची वाढ असू शकते. दोन वेगळ्या रेषा दिसल्या तरी घाई नको, ते नर आणि मादी असू शकतील. शिवाय खडकाच्या भाराने कवटी चेपते, आणि चेपलेली कवटी रुंद दिसते. वय, लिंग, चेपणं हे सगळं वजा करून जो फरक उरतो, त्यालाच जातीचं नाव द्यायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरचा आजवरचा सर्वांत मोठा संहार झाला. त्यातून किती जाती वाचल्या, हे आपण अशाच कवट्यांवरून मोजतो. नावं फुगली की वाचलेले फुगतात, आणि सगळा इतिहासच चुकतो.

हीच मोजपट्टी जिवंत माणसांनाही लावली गेली आहे. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ मध्ये नाकाचीच मापं हाती घेतली, आणि दाखवलं की त्यांवरून तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात! रिस्लेने उतरंड आधीच मानली होती. बाबासाहेबांनी आकड्यांना प्रश्न विचारला.

आकडा आपण होऊन काही बोलत नाही. ‘हा फरक दुसऱ्या कशाने पडला असेल का?’ हे आपणच विचारायचं असतं. तो प्रश्न न विचारता दिलेलं नाव प्राण्याचं असो की माणसाचं, ते उगाच चिकटवलेलं असतं. दगडातल्या प्राण्याचं नाव एका लेखाने पुसता येतं. माणसाला चिकटलेलं पुसायला किती पिढ्या लागतात, हे आपण जाणतोच.

पुढच्या वेळी इथूनच सुरू करू. प्रश्न लिहून आणा.